दाट जंगलातल्या हरण-रायफलीवर कोणती साइट बसवावी?

प्रश्न थोडक्यात असा: लिव्हर-ॲक्शन रायफल (खालचा दांडा ओढून काडतूस भरायची), .३०-३० काडतुसाची, नळी २० इंची. जंगल दाट. हरीण दिसतं ते तीस ते सत्तर मीटरवर, शंभराच्या पुढे चाप ओढायची वेळच येत नाही. नेमबाजाचं वय पन्नाशीचं आणि कारखान्यातून आलेली उघडी साइट आता अंधुक दिसते. तर पीप साइट (डोळ्याजवळच्या छोट्या भोकातून नेम धरायची) लावावी, रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) घ्यावा, की छोटी दुर्बीण?

उत्तर आधी, कारणं नंतर. रायफलीच्या माथ्यावर दुर्बीण अगदी खाली बसवता येत असेल, तर कमी शक्तीची दुर्बीण घ्या: स्थिर अडीच पट, नाहीतर १ ते ४ पट, आणि आत जाड रेघांची फुली. तशी बसत नसेल, किंवा दिवसभर पावसात हिंडायचं असेल, तर रिसीव्हरवर, म्हणजे नळीमागच्या यंत्रपेटीवर, मोठ्या भोकाची पीप आणि पुढे नळीच्या टोकाला सपाट तोंडाची माशी, म्हणजे पुढची साइट. रेड डॉट या दोघांच्या मधला. चष्म्याला सिलिंडरचा नंबर नसेल तर तो फार चांगला, असेल तर पैसे घालायच्या आधी खाली दिलेली चाचणी करा.

आता कारणं. या पल्ल्यावर अचूकतेची अडचण नसतेच. मध्यम आकाराच्या हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण २० सेंमी व्यासाचा धरतात, रो हरणासारख्या लहान जातीत १२ ते १५ सेंमी. कोनाचा एक मिनिट म्हणजे १०० मीटरवर २.९ सेंमी. म्हणजे ७० मीटरवर २० सेंमीचं लक्ष्य जवळपास १० मिनिटांचं झालं, आणि साधी लिव्हर रायफलसुद्धा कोनाच्या दोन-तीन मिनिटांच्या आत गोळ्या ठेवते. तरीही याच पल्ल्यावर नेम चुकतात आणि जनावरं जखमी होऊन पळतात. त्याची कारणं तीन. साइट डोळ्यासमोर यायला वेळ लागतो. संधिप्रकाशात माशी किंवा फुली दिसेनाशी होते. आणि गाल दस्त्यावर नीट न टेकल्यामुळे डोळा साइटच्या रेषेत नसतो. साइट निवडताना याच तीन गोष्टी तपासायच्या. आकड्यांनी भरलेली फुली, नेम सरकवायच्या उंच फिरत्या चकत्या, १२ पट शक्ती यांचा इथे उपयोग नाही, वजन मात्र वाढतं.

शेवटचं कारण आधी घेतो, कारण ते साइट विकत घेण्यापूर्वी घरी तपासता येतं. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, लिव्हर उघडून चेंबरमध्ये करंगळी घालून बघा. समोर सुरक्षित दिशा असलेल्या भिंतीवर एक ठिपका निवडा. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल जिथे सहज टेकेल तिथे टेकू द्या, मग डोळे उघडा. माशी मागच्या खाचेत बसलेली दिसली तर दस्ता उघड्या साइटसाठी बरोबर आहे. हे दहा वेळा करा. जुन्या लिव्हर रायफलींचे दस्ते मागे बरेच खाली उतरतात, कारण ते नळीला चिकटलेल्या उघड्या साइटसाठीच घडवलेले असतात. अशा दस्त्यावर उंच दुर्बीण बसवली की गाल उचलावा लागतो, हनुवटी टेकते, आणि प्रत्येक वेळी डोळा वेगळ्या जागी येतो. दुर्बिणीत मग काळी चंद्रकोर दिसते. ती घालवायला मान हलवण्यात जे दोन सेकंद जातात, तेवढ्यात हरीण झुडपाआड होतं. उपाय साधा आहे: दुर्बीण जितकी खाली बसेल तितकी खाली, आणि तरीही कमी पडलं तर दस्त्यावर दोरीने आवळायची चामड्याची गालपट्टी. दीड-दोन सेंमीची भर बहुतेकांना पुरते.

याच कारणासाठी, खालून उघडी साइटही दिसावी म्हणून दुर्बीण उंच पायांवर बसवायची जी पद्धत आहे ती मला अजिबात मान्य नाही. दुर्बीण नळीपासून सहा सेंमीवर जाते, गालाला आधार उरत नाही, आणि दोन्ही साइट अर्धवट राहतात. पर्यायी साइट हवीच असेल तर हाताने सुटणारे, पुन्हा त्याच जागी बसणारे चांगले माउंट घ्या.

उघडी साइट का थकवते

उघड्या साइटमध्ये डोळ्याला तीन गोष्टी एकदम बघायच्या असतात: मागची खाच, पुढची माशी आणि पलीकडचं जनावर. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघतो. विशीत तो इतक्या झटक्यात अंतर बदलतो की अडचण जाणवत नाही. चाळिशी लागली की डोळ्यातलं भिंग ताठ होतं, मागची खाच धुरकट होते आणि माशी तिच्यात नेमकी कुठे आहे हे कळत नाही. त्यात कारखान्याची खाच बहुतेकदा शिंगांसारखे दोन कान असलेली. हे कान जनावराचा खालचा अर्धा भाग झाकतात आणि घाईत माशी खाचेच्या वरच राहते. परिणाम एकच, गोळी पाठीवरून जाते. जवळच्या पल्ल्यावर हुकलेल्या गोळ्या बहुतेक वरूनच जातात, त्याचं हे मोठं कारण.

उघडी साइटच ठेवायची असेल तर निदान कानांची पट्टी काढून सपाट माथ्याची, खाचेखाली पांढरा त्रिकोण किंवा रेघ असलेली पट्टी लावा. पट्टी ज्या खोबणीत बसते ती अमेरिकी रायफलींवर बहुधा ३/८ इंची म्हणजे ९.५ मिमी असते. रिवाज असा की पट्टी नेमबाजाच्या डावीकडून उजवीकडे ठोकून काढायची आणि उजवीकडून डावीकडे ठोकून बसवायची. पितळी किंवा नायलॉनचा पंच वापरा. पोलादी पंचाने खोबणीची कड चेपते, आणि चेपलेल्या खोबणीत पट्टी सैल राहून दर गोळीला सरकते.

पीप

चष्मा हाताशी नसला की मूठ जराशी उघडून त्या फटीतून आपण घड्याळ वाचतो. लहान भोकातून जाणारे किरण कमी पसरतात, म्हणून जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. पीप साइट हेच करते. शिवाय गोल भोकाच्या मध्याकडे डोळा आपोआप जातो, मागची साइट बघावीच लागत नाही. फक्त माशीकडे बघायचं आणि ती जनावरावर टेकवायची.

दुसरा फायदा मापाचा. कारखान्याची खाच नळीवर असते, तिथून माशीपर्यंतचं अंतर २० इंची नळीवर सुमारे ४३ सेंमी. पीप रिसीव्हरच्या मागच्या टोकाला जाते, अंतर ६२ सेंमीच्या आसपास होतं. माशी अर्धा मिमी चुकीच्या जागी धरली, तर ५० मीटरवर पहिल्या साइटने गोळी ५.८ सेंमी सरकते, दुसरीने ४ सेंमी. नेमबाज तोच आणि चूक तेवढीच, तरी परिणामात एक तृतीयांश घट.

गडबड होते ती भोकाच्या मापात. दुकानातून पीपबरोबर येणारी चकती बहुधा चांदमारीची असते, भोक एक-दीड मिमीचं. उन्हात कागदावर ती सुंदर दिसते. जंगलात संध्याकाळी पाच वाजता त्यातून बघा: काळं वर्तुळ, मध्ये करडा ठिपका, आणि हरीण कुठेच नाही. शिकारीला २.४ मिमी हे सर्वांत लहान भोक समजा, ३.२ मिमी दिवसाउजेडी चांगलं, आणि दाट रानात ५ ते ५.८ मिमी. एवढ्या मोठ्या भोकाची कड डोळ्याजवळ पार विरून जाते, हवेत धुराचं वर्तुळ तरंगावं तशी, म्हणून तिला घोस्ट रिंग म्हणतात. अनेक पीपमध्ये चकती ७/३२ इंची आट्यांवर बसते. ती उलगडून खिशात ठेवली की उरणारं साडेपाच मिमीचं उघडं भोकच घोस्ट रिंग होतं, वेगळं काही घ्यावं लागत नाही. चकती ठेवायचीच असेल तर घट्ट आवळा. गोळीच्या धक्क्याने ती हळूहळू उलगडते आणि नेमकी झुडपात पडते.

इतक्या मोठ्या भोकाने अचूकता जाईल ही भीती नेहमीची. ५० मीटरवर टेकूवरून तीन-तीन गोळ्यांचे दोन गट झाडून बघा, एक लहान भोकातून, एक मोठ्यातून. फरक बहुतेकांना दोन-तीन सेंमीचा येतो, आणि २० सेंमीच्या लक्ष्यात तो सहज मावतो.

माशी, जिच्याकडे कोणी बघत नाही

मागच्या साइटवर पैसे खर्च होतात आणि पुढे कारखान्याची पितळी गोल माशी तशीच राहते. खरं तर नेम धरताना डोळा माशीवरच असतो, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर.

आधी जाडी. १.६ मिमीची माशी डोळ्यापासून साधारण ७८ सेंमीवर असते. तिथून ती ५० मीटरवर १० सेंमी आणि १०० मीटरवर २० सेंमी झाकते, म्हणजे शंभर मीटरवर हरणाचा सगळा मर्मभाग माशीखाली गेला. २.४ मिमीची माशी १०० मीटरवर ३० सेंमी झाकते. ती चटकन दिसते, पण साठ मीटरच्या आतच कामाची. तुमच्या पल्ल्याला १.६ ते १.८ मिमी योग्य.

मग तोंडाचा आकार. गोल, चकाकणाऱ्या पितळी माशीवर उजवीकडून ऊन पडलं की तिची उजवी बाजू चमकते, डावी अंधारात जाते. डोळा चमकलेल्या भागालाच माशी समजतो आणि तोच जनावरावर ठेवतो. खरी माशी त्यामुळे डावीकडे राहते आणि गोळी डावीकडे, उजेडापासून दूर जाते. रायफल सकाळी एकीकडे मारते आणि संध्याकाळी दुसरीकडे अशी तक्रार आली की आधी माशीचं तोंड बघावं. उपाय म्हणजे सपाट, चौकोनी तोंडाची माशी, तोंड किंचित वर आकाशाकडे कललेलं. ती सगळीकडून सारखा उजेड घेते.

रंगाचं गणित जागेवर ठरतं. पांढरी माशी गर्द रानात उत्तम, बर्फात नाहीशी होते. बर्फाला लाल किंवा काळी. फायबर ऑप्टिकची हिरवी-लाल काडी ढगाळ दिवसालाही झळकते, पण कडक उन्हात तिच्याभोवती प्रकाश फुटतो आणि ती आहे त्याहून जाड भासते, काठ समजत नाही. तिची प्लास्टिकची काडी खडकावर आपटून तुटते. काडी घ्यायची तर दोन्ही बाजूंना धातूचं संरक्षण असलेली घ्या आणि जादा काडी जवळ ठेवा.

पीप बसवल्यावर बऱ्याचदा असं होतं की पीप शेवटपर्यंत खाली करूनही गोळी वरच लागते, म्हणजे माशी बुटकी पडते आहे. किती उंच हवी ते मोजून काढा: गोळी जितकी वर लागते ते अंतर, गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले पल्ला. समजा ५० मीटरवर गोळी १० सेंमी वर आहे आणि साइटमधलं अंतर ६० सेंमी आहे. १० गुणिले ६० भागिले ५०००, म्हणजे ०.१२ सेंमी. माशी १.२ मिमीने उंच घ्या. गोळी खाली लागत असेल तर तेवढीच कानशीने घासा, पण एका वेळी केसभर, आणि दर वेळी गोळी झाडून बघत. मागची साइट गोळी जिकडे न्यायची तिकडे सरकवायची, माशी उलट दिशेला. एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

रेड डॉट

रेड डॉटमध्ये ठिपका आणि जनावर एकाच अंतरावर दिसतात, त्यामुळे चाळिशीच्या डोळ्याची अडचण मुळातच मिटते. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. डोळा काचेपासून किती लांब आहे याला महत्त्व नाही, म्हणून साइट पुढे नळीवरही बसते. चांगल्या लहान साइटचं वजन १०० ग्रॅमच्या आसपास आणि बॅटरी काही वर्षं पुरते. ॲइमपॉइंट कंपनीच्या छोट्या मॉडेलांना ५०,००० तासांचा आकडा दिलेला असतो. होलोग्राफिक प्रकारात बॅटरी साधारण हजार तासांच्या घरात संपते, आणि काही तासांनी साइट आपोआप बंद होते. मचाणावर आठ तास बसणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

ठिपका कोनाच्या २ मिनिटांचा घ्या, फार तर ४. दोन मिनिटांचा ठिपका ५० मीटरवर ३ सेंमी झाकतो, चारचा ६ सेंमी. त्याहून मोठे पिस्तुलासाठी ठीक. प्रकाश हाताने कमी-जास्त करता येणारी साइट निवडा. आपोआप ठरवणारी साइट स्वतःभोवतीचा उजेड मोजते. तुम्ही गर्द सावलीत आणि हरीण उन्हातल्या मोकळ्यात असेल, तर ती ठिपका मंद करते आणि तो उन्हात विरघळतो. संध्याकाळी उलट चूक नेमबाज स्वतः करतो: दुपारचा तेज ठिपका तसाच राहतो, अंधारात त्याच्याभोवती लाल वलय उठतं आणि त्यामागे जनावर झाकलं जातं. ठिपका जेमतेम दिसेल इतकाच ठेवा.

आता सिलिंडरच्या नंबराची चाचणी. ठिपका तुम्हाला स्वल्पविरामासारखा, द्राक्षाच्या घडासारखा किंवा रेघेसारखा दिसत असेल, तर दुकानातच मोबाइलच्या कॅमेऱ्याने साइटमधून फोटो काढा. फोटोत ठिपका गोल असेल तर दोष डोळ्याचा. दुसरी खूण: साइट स्थिर ठेवून मान कलवा. रेघ मानेबरोबर फिरली तर डोळाच. कार्डाला सुईने भोक पाडून त्यातून बघितलं की ठिपका गोळा होतो, त्यावरूनही कळतं. असा दोष असेल तर चष्मा घालून पुन्हा बघा. तरीही पसरत असेल तर काचेवर कोरलेली फुली असलेली एकपट प्रिझम साइट घ्या. बॅटरी संपली तरी तिची काळी फुली दिसत राहते.

पावसा-बर्फाच्या प्रदेशात उघड्या काचेची साइट टाळा. तिच्यात ठिपका मागच्या खाचेतल्या एका छोट्या दिव्यातून काचेवर पडतो. त्या दिव्यावर पाण्याचा थेंब किंवा सुरूचं एक पान बसलं की ठिपका पसरतो, नाहीतर गायब होतो. बंद नळीच्या साइटमध्ये हे होत नाही, बाहेरच्या काचा पुसल्या की झालं.

दुर्बीण

जवळच्या पल्ल्याला दुर्बीण कशाला, हा आक्षेप जुना आहे आणि ६ ते २४ पटीच्या दुर्बिणीबाबत खराही. कमी शक्तीच्या दुर्बिणीला तो लागू होत नाही. दाट झाडीत तिचा खरा उपयोग फांद्या दिसण्यात आहे. जड, बोथट गोळी झुडूप कापत सरळ जाते ही समजूत चुकीची. कुठलीही गोळी बोटाएवढ्या फांदीला लागली की वळू शकते, आणि फांदी जनावरापासून जितकी लांब तितकी ती जास्त भरकटते. उघड्या डोळ्यांना जिथे नुसता करडा पडदा दिसतो, तिथे तीन पटीत फांद्यांमधली हातभर मोकळी जागा दिसते. पण जनावर आहे की माणूस हे ओळखायला रायफलीची दुर्बीण कधीच वापरू नका. त्यासाठी गळ्यात वेगळी दुर्बीण हवी.

शक्ती किती? ९ पटीत १०० मीटरवर दिसणारी रुंदी सुमारे चार मीटर असते. २० मीटरवर ती ८० सेंमी उरते, म्हणजे भिंग भरून नुसते तपकिरी केस, पुढचा भाग की मागचा कळत नाही. ४ पटीत १०० मीटरवर आठ-नऊ मीटर, अडीच पटीत बारा-तेरा, एक पटीत तीसच्याही वर. बदलत्या शक्तीच्या दुर्बिणीतली सगळ्यात मोठी चूक म्हणजे कड्यावर शक्ती शेवटच्या आकड्याला ठेवून चालणं. कडं नेहमी सर्वांत कमीवर. हरीण लांब असेल तर शक्ती वाढवायला वेळ मिळतो, पुढ्यात उठलं तर कमी करायला मिळत नाही.

उजेडाचं गणित सोपं: पुढच्या भिंगाचा व्यास भागिले शक्ती, म्हणजे डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी. ४ × ३२ ला (४ पट, ३२ मिमीचं भिंग) ८ मिमी, १–४ × २० ला चार पटीत ५ मिमी आणि दोन पटीत १०. डोळ्याची बाहुली तरुणपणी अंधारात ७ मिमीपर्यंत उघडते, पन्नाशीत सुमारे ५. म्हणजे तुमच्या डोळ्याला चार पटीतली २० मिमीची दुर्बीणही पुरा उजेड देते. मग ५० मिमीचं भिंग उंच माउंटवर चढवून गालाचा आधार घालवायचा कशाला?

फुली जाड हवी. बाहेरच्या रेघा ठळक आणि मध्ये बारीक अशी ड्युप्लेक्स, किंवा तीन जाड दांड्यांची जर्मन ४ क्रमांकाची. मध्ये छोटा प्रकाशित ठिपका असेल तर उत्तम. केसासारखी बारीक फुली करड्या फांद्यांत शेवटच्या पंधरा मिनिटांत हरवते, आणि हरीण तर तेव्हाच बाहेर येतं. १–६ किंवा १–८ पटीची दुर्बीण घेताना फुली पहिल्या प्रतलात आहे का ते विचारा. असेल तर एक पटीत ती आक्रसून धाग्यासारखी होते. या कामाला दुसऱ्या प्रतलातली घ्या, तिच्यात फुलीची जाडी बदलत नाही.

पॅरॅलॅक्सची, म्हणजे डोळा हलला की फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते त्याची, चिंता सोडा. १०० मीटरला जुळवलेली, २० मिमी भिंगाची दुर्बीण ५० मीटरवर जास्तीत जास्त ५ मिमीची चूक देते. डोळ्यापासूनचं अंतर मात्र बघा: ९ सेंमीच्या आसपास हवं, आणि .४५-७० सारख्या जोरदार धक्क्याच्या रायफलीला त्याहून जास्त. नाहीतर कडं भुवईवर आपटतं.

कुठल्या रायफलीवर काय बसतं

विंचेस्टरची १८९४ ची रायफल रिकामं काडतूस सरळ वर फेकते. म्हणून जुन्या ९४ वर माथ्यावर दुर्बीण लावता येत नाही, बाजूला किंवा पुढे नळीवर लावावी लागते, आणि दोन्ही गैरसोयीचं. अशा रायफलीला पीपच शोभते. १९८० च्या दशकात काडतूस तिरकं फेकणारी रचना आली, तिच्यावर दुर्बीण बसते. १९४८ पासूनची मार्लिन ३३६ बाजूने काडतूस फेकते, माथा सपाट आणि भरीव, तिथे काहीही सुखाने बसतं.

एक गोष्ट विसरू नका. बाहेर घोडा (अंगठ्याने मागे ओढायचा हातोडा) असलेल्या रायफलीवर दुर्बीण खाली बसवली की घोड्याला अंगठा पोहोचत नाही. हातमोजे घातलेला अंगठा घोडा उतरवताना निसटला तर गोळी सुटते. घोड्याला बाजूने लावायचा छोटा खुंटा मिळतो, तो लावल्याशिवाय रायफल बाहेर नेऊ नका, आणि घोडा उतरवताना नळी जमिनीकडेच.

परवान्याने शिकार होते अशा देशांत आणि राज्यांत विजेवर चालणाऱ्या साइटचे, ठासणीच्या बंदुकांच्या हंगामात दुर्बिणीचे, आणि सकाळ-संध्याकाळच्या वेळेचे नियम वेगवेगळे असतात. साइट घेण्यापूर्वी तिथल्या वन्यजीव विभागाची त्या वर्षीची नियमावली वाचा.

बसवणं आणि झिरो करणं, म्हणजे नेम आणि गोळी जुळवणं

साइट सैल होणं हे बिघाडाचं पहिलं कारण. स्क्रू आणि भोकं दोन्ही अल्कोहोलने पुसून तेल काढा, निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) एक थेंब, बेसचे म्हणजे रायफलीवरच्या पट्टीचे स्क्रू १५ ते २० इंच-पाउंड म्हणजे साधारण २ न्यूटन-मीटर, रिंगचे स्क्रू १५ ते १८. स्क्रू लांब असेल तर आत बोल्टला अडतो किंवा नळीच्या आट्यांना टेकतो. स्क्रू घट्ट झाला पण बेस हलतो आहे, असं दिसलं की हेच समजा. सगळं आवळल्यावर लिव्हर रिकामीच चार-पाच वेळा चालवा. कुठे अडखळत नाही ना, बघा.

मग २५ मीटरवर कागद. पुढच्या लाकडाखाली वाळूची पिशवी ठेवा, नळीखाली नाही. नळी टेकवली की गोळी वर उडते. तीन गोळ्या झाडा, मधला बिंदू काढा, सरकवा. साइटच्या फिरत्या चकतीची पाव मिनिटाची (कोनाच्या) एक टिकटिक १०० मीटरवर ७ मिमी, २५ मीटरवर १.८ मिमी. २५ वर गोळी ४ सेंमी खाली असेल तर २२ टिकटिक वर. नंतर थेट १०० मीटरवर जा आणि तिथे गोळी मध्यात आणा. गटांमध्ये नळी थंड होऊ द्या. लिव्हर रायफलीत नळी, मॅगझिनची नळी आणि लाकूड पट्ट्यांनी एकत्र बांधलेले असतात, तापल्यावर गोळी भटकते आणि नेमबाज साइटला दोष देतो.

शंभर मीटरच का? .३०-३० ची १७० ग्रेनची (११ ग्रॅमची) गोळी सुमारे ६७० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते. दुर्बीण नळीच्या वर ३.८ सेंमी असेल आणि झिरो १०० मीटरला, तर गोळी २५ मीटरवर अर्धा सेंमी खाली, ५० आणि ७५ वर दीड सेंमी वर, १२५ वर ४ सेंमी खाली लागते. पीपने ५० वर दोन-अडीच सेंमी वर. म्हणजे नळीच्या तोंडापासून सव्वाशे मीटरपर्यंत जिथे बघाल तिथे गोळी, मनात काही जमवाजमव करायची नाही. १५० मीटरवर ती १० सेंमी खाली जाते, आणि तिथे हा प्रश्न संपतो. हे आकडे तुमच्या काडतुसाने कागदावर पडताळून घ्या, आणि हंगामात तेच काडतूस वापरा. दुसऱ्या वजनाची गोळी ५० मीटरवरही काही सेंमी सरकू शकते.

टेकूवरचं काम संपलं की रायफल उभ्याने धरा. १५ सेंमीची कागदी थाळी ३० मीटरवर लावा, रायफल कमरेला, थंड नळी, एकच गोळी, तीन सेकंदांत. पाच दिवशी पाच पहिल्या गोळ्या. पाचही थाळीत असतील तर ४० मीटर, मग ५०. ज्या अंतरावर पाचपैकी एक बाहेर जाते, त्याच्या आधीचं अंतर ही तुमची उभ्याने झाडायची हद्द. गुडघ्यावर बसून आणि झाडाच्या आधाराने ती वेगळी येईल, तीही मोजा.

थंडीत रायफल तंबूत आणू नका, बाहेर आडोशाला ठेवा. गरम हवेत काचेवर दव धरतं आणि सकाळी ते गोठतं. रायफल खांद्याजवळ आणताना श्वास नाकाने खाली सोडा, मागच्या काचेवर नको. पीपच्या भोकात पावसाचा थेंब पडदा धरून बसतो. नेम धरण्याआधी मागून एक फुंकर मारली की तो फुटतो. गाडीच्या धक्क्यांनंतर किंवा रायफल पडल्यानंतर पहिलं काम एकच: ५० मीटरवर कागद लावून दोन गोळ्या.